एस.टी.वाल्याचा युरोप

कृष्णाजी म्हसळ्याच्या एस.टी. स्टँडवर एकोणीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर त्यांना सगळे कंट्रोलर म्हणत आणि गावात नुसतं कृष्णाजी. नावातच 'जी' असल्यामुळे वेगळा मान द्यायची कोणाला गरज वाटत नसे.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यांच्या खिडकीशी पाठीवर पिशव्या घेतलेलं एक परदेशी जोडपं आलं. त्यांना मुरुड, श्रीवर्धन, पुढे कोल्हापूर असं बरंच फिरायचं होतं. कृष्णाजींनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांना 'आवडेल तेथे प्रवास'चा पास समजावून सांगितला. एकदाच पैसे भरायचे, मग सात दिवस राज्यात एस.टी.नं कुठंही जायचं. त्यातली बाई म्हणाली, आमच्याकडे असाच पास रेल्वेला असतो. एक पास आणि तीसहून जास्त देश.

म्हसळ्याला रेल्वे नाही. गाडी बघायची तर माणगाव गाठावं लागतं. पण ती गोष्ट कृष्णाजींच्या डोक्यात बसली. निवृत्त झाल्यावर ते मंगळवारी आणि शुक्रवारी वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर जाऊन बसू लागले. ग्रंथपाल कोकिळानं त्यांना माऊस धरायला शिकवला, इंग्रजी पान मराठीत कसं करायचं ते दाखवलं. त्यांनी पासाचे नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. महिन्याभरातले कुठलेही सात दिवस निवडता येतात. दिवस मध्यरात्री सुरू होतो आणि मध्यरात्री संपतो. स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत सरळ चढायचं, पण फ्रान्स, इटली, स्पेनमधल्या वेगवान गाड्यांना पास असला तरी आरक्षण वेगळं काढावं लागतं. जायचा विचार त्यांच्या मनातही नव्हता. वेळापत्रक जुळलं की त्यांना बरं वाटायचं, एवढंच.

वाचनालयाच्या अध्यक्षांना, सुजितरावांना, हे कळलं. दिवेआगरच्या वाटेवर त्यांचं रिसॉर्ट आहे. त्यांच्या पणजोबांकडे या भागातली खोती होती आणि कृष्णाजींचे आजोबा त्यांच्या अंगणाच्या बाहेर उभे राहून बोलत. ते दिवस गेले, असं सुजितराव स्वतःच भाषणात सांगायचे.

"कृष्णाजी, मी आणि रुचिका मे महिन्यात युरोपला निघालोय," ते म्हणाले. "रेल्वेनंच फिरायचंय. तुम्ही जरा आखून द्या."

त्या 'जरा'ला कृष्णाजींचे अडीच महिने लागले. बावीस पानं झाली. कुठल्या दिवशी कुठली गाडी, कुठं बदलायची, बदलायला किती मिनिटं, ती चुकली तर मागची कुठली. सातव्या पानावर त्यांनी लाल शाईनं लिहिलं: 'मिलान ते रोम वेगवान गाडी. आरक्षण सक्तीचं. पासावर भरवसा ठेवून चढू नये, दंड होतो.' पानं देताना त्यांनी ते बोट ठेवून दाखवलंही. सुजितरावांनी मान हलवली आणि पानं गाडीच्या मागच्या सीटवर टाकली.

जूनच्या शेवटी वाचनालयाबाहेर फलक लागला. 'युरोप रेल्वेनं: सुजितराव यांचे अनुभवकथन. रविवार, दुपारी चार.' कृष्णाजींनी पांढरा शर्ट इस्त्री केला. त्यांची बायको तुळसा अंगणवाडीत सेविका होती, तिनंही सुट्टीची कामं बाजूला ठेवली.

"तुमचं नाव घेतील ना वो?" तिनं विचारलं.

"घेतील की. एवढी पानं लिहिलीत."

हॉल भरला होता. दोघं तिसऱ्या रांगेत बसली. पडद्यावर डोंगर, तळी, लाल डबे यायला लागले. मग एक तक्ता आला. कृष्णाजींनी तो लगेच ओळखला, कारण ते इंग्रजी साताच्या पोटावर आडवी रेघ मारतात. तक्त्याखाली त्यांनी सही केली होती. फोटोत तेवढा भाग कापलेला होता.

"परदेशात काही आपोआप होत नाही," सुजितराव सांगत होते. "मी दोन-अडीच महिने बसून हा आराखडा केला."

तुळसानं नवऱ्याकडे पाहिलं. कृष्णाजी पडद्याकडेच बघत राहिले. गावात राहायचं आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि ते गिळलं.

दहा मिनिटांनी रोम आलं.

"आता एक फजितीचा किस्सा," सुजितराव म्हणाले. "आमचा एक एस.टी.वाला आहे. तो मला म्हणाला, पास आहे ना, मग कुठल्याही गाडीत चढा. म्हटलं, याची नोकरी याच्यात गेली, याला कळत असेल. चढलो. तर तिकडच्या तपासनिसानं आम्हा दोघांना दंड लावला. तेव्हा लक्षात आलं, एस.टी.चं ज्ञान माणगावच्या पुढं चालत नाही."

हॉल हसला. मागून कोणीतरी टाळीही वाजवली.

कृष्णाजींनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. ते उठले. उठायचं असं ठरवलं नव्हतं, पाय आधी उठले. शेजारच्यानं त्यांचा शर्ट ओढला. त्यांनी त्याचा हात काढून बाजूला केला.

"तो एस.टी.वाला मी," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "मी असं सांगितलं नव्हतं. आरक्षण सक्तीचं आहे, दंड होतो, असं मी लाल शाईत लिहून दिलं होतं. तो आराखडाही माझा आहे. खालची सही कापलीत."

सुजितराव हसले. "कृष्णाजी, अहो, मनावर काय घेताय? गंमत केली."

"माझ्यावर करायची नाही. एकोणीस वर्षं त्या खिडकीत बसलो. एका माणसाला चुकीची गाडी सांगितली नाही. आत्ता, याच माईकवर, खरं काय ते सांगा."

"बसा हो. प्रश्नोत्तरं शेवटी आहेत."

"सांगा."

सुजितरावांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "कार्यक्रमाचा विचका करू नका. आणि पुरावा काय? इथं कोणी बघितलंय तुम्हाला लिहिताना?"

कृष्णाजींनी दाराशी उभ्या असलेल्या कोकिळाकडे पाहिलं. अडीच महिने ते तिच्या समोरच्या टेबलावर बसून लिहीत होते. प्रत्येक पान तिनं पाहिलं होतं. कोकिळानं मान खाली घातली आणि हातातली हजेरीवही बंद केली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून बाईचा आवाज आला. सुजितरावांची बायको रुचिका बसल्या जागेवरूनच बोलली, मागे न बघता.

"लिहिलं होतं. मी गाडीत चढताना म्हटलंही होतं, आरक्षण काढू या. हे म्हणाले, कोण विचारतंय."

सुजितरावांनी माईक बंद केला. वाचनालयाच्या चिटणीसांनी घाईघाईनं आभार मानले आणि बाहेर चहा ठेवलाय असं सांगितलं. लोक खुर्च्या सरकवत निघाले. तीनचार जणांनी कृष्णाजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, जाऊ द्या. तुळसानं त्यांना दाराशीच ऐकवलं.

"हसताना मोठ्यानं हसलात. आता हळू कशाला बोलताय?"

दुसऱ्या दिवशी सुजितरावांचा ड्रायव्हर स्विस चॉकलेटचा डबा घेऊन दारात आला. तुळसानं तो घरात घेतला नाही. "साहेबांना सांग, आमच्यात गोड खायचं काय घडलं न्हाय," ती म्हणाली.

शुक्रवारी कृष्णाजी वाचनालयात गेले तर कॉम्प्युटरवर कागद चिकटवलेला होता. 'फक्त विद्यार्थ्यांसाठी. आदेशावरून, अध्यक्ष.' टेबलाशी एकही विद्यार्थी नव्हता. कोकिळा कपाटातली पुस्तकं उगाचच खालीवर करत होती.

रविवारचा राग कृष्णाजींना समजत होता. हा दुसरा राग वेगळाच होता. आजोबा अंगणाबाहेर उभे राहायचे ते त्यांनी पाहिलं नव्हतं, वडिलांकडून ऐकलं होतं. आता ते स्वतः एका टेबलाच्या बाहेर उभे होते आणि टेबलावर फक्त एक कागद होता. तो फाडायला त्यांचा हात पुढे गेला. मग त्यांनी हात मागे घेतला.

"नियमावली द्या," ते कोकिळाला म्हणाले.

"काका?"

"वाचनालयाची नियमावली. मी सभासद आहे. मागितली की द्यावी लागते."

त्यांनी ती तिथंच बसून वाचली. कॉम्प्युटर शासनाच्या अनुदानातून घेतलेला होता आणि तो सर्व सभासदांसाठी होता, असं अकराव्या कलमात लिहिलं होतं. अध्यक्षाला एकट्याला आदेश काढायचा अधिकारच नव्हता. त्यांनी घरी येऊन अर्ज लिहिला. शब्द तीनदा बदलले, कारण पहिल्या दोन वेळेला त्यात शिव्या उतरत होत्या. सोमवारी सकाळच्या एस.टी.नं ते अलिबागला गेले, जिल्हा ग्रंथालय कार्यालयात अर्ज दिला आणि पोच घेतली. पंधरवड्यानं पुन्हा गेले. बाकावर दोन तास बसले. तिसऱ्या खेपेला तुळसाही सोबत गेली.

"एका कागदासाठी तीन फेऱ्या," ती परतीच्या गाडीत म्हणाली. "दमलात का?"

"न्हाय," कृष्णाजी म्हणाले. घरच्या माणसाशी ते असंच बोलत. "मला झोप लागत न्हाय त्याचं काय ते बघ."

ऑगस्टमध्ये कार्यालयाचं पत्र आलं आणि कॉम्प्युटरवरचा कागद निघाला. त्या शुक्रवारी कृष्णाजी वाचनालयात शिरत होते तेव्हा सुजितराव बाहेर पडत होते. दोघं पायरीवर समोरासमोर आले.

"झालं ना तुमच्या मनासारखं?" सुजितरावांनी विचारलं.

"नाही. मनासारखं व्हायला तुम्ही माईकवर बोलायला पाहिजे होतं."

"ते विसरा आता."

"तुम्ही भरल्या हॉलमध्ये मला खोटं पाडलंत. मी विसरणार नाही, आणि तुम्हालाही विसरू देणार नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेसाठी मी हाच विषय लेखी दिलाय."

सुजितराव गाडीची चावी हातात फिरवत निघून गेले. कृष्णाजी वर आले. ते कॉम्प्युटरसमोर बसले.

कोकिळा जवळ येऊन उभी राहिली.

"काका, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "नोकरीची भीती वाटली."

ती वाट बघत होती. असू दे, पोरी, असं म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, हे कृष्णाजींना कळत होतं. त्यांच्या तोंडाशी ते शब्द आलेही.

"हो," ते म्हणाले, "बोलायला पाहिजे होतं."

आणि त्यांनी मशीन चालू केलं.