चौकोनी बरणीचं पोट

खरं सांगते, बाबांनी धाकटीच्या नवऱ्याला ‘वा!’ म्हटलं, त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखतंय. हा माणूस मूळचा छपरं घालणारा. तीन महिन्यांपूर्वी कामावरून उरलेली डांबरी कागदाची गुंडाळी घेऊन आमच्या कुंभारकामाच्या शेडमध्ये आला काय, आणि बाबांचा लाडका झाला काय! मी एकोणीस वर्षं चाकावर बसतेय. पसंत पडलेल्या भांड्याच्या बुडाशी बाबा आपल्या अंगठ्याचा ठसा उमटवतात. माझ्या एकाही भांड्यावर तो नाही.

त्याची करामत ती केवढी? ओल्या मातीच्या पोळीला डांबरी कागद चिकटवायचा, कागदासकट तुकडे कापायचे आणि पुठ्ठ्याचं खोकं जोडावं तशी चौकोनी बरणी उभी करायची. बाहेरचा कागद भिंतींना धरून ठेवतो. माती घट्ट झाली की सोलून टाकायचा.

"उद्यापर्यंत कागद काढू नका हं, ताई," एका सकाळी नवी बरणी उभी करून तो अदबीने म्हणाला. अदबीने बोलतो, याचाही मला राग येतो.

दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा मी एका बाजूचा कागद टर्रकन सोलला. उन्हाने पाघळलेलं डांबर बोटांना चिकटलं. भिंत हळूहळू बाहेर आली, बरणीला पोट सुटलं आणि ती तिथेच थांबली. पडलीसुद्धा नाही मेली!

जेवून आल्यावर बाबांनी बरणीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"जावईबापू, तीन बाजू ताठ आणि चौथी अशी ऐसपैस! सुचलं कसं हो?"

"मी नाही केलं, बाबा," तो म्हणाला. "कागद कुणीतरी आधीच काढलाय."

"मग कुणी? सांगा, म्हणजे त्याच्यासमोरच ठसा उमटवतो."

एकोणीस वर्षं ज्यासाठी झुरले, ते समोर आलं होतं. नुसतं ‘मी’ म्हणायचं होतं. पण मग कागद का काढला, तेही सांगावं लागलं असतं, धाकटीसमोर, त्याच्यासमोर. मी काळी बोटं पाठीमागे लपवली.

"यांनीच केलंय," मी म्हणाले. "उगाच लाजतायत."

बाबा हसले. मी सोडलेल्या त्या पोटाखाली त्यांनी अंगठा दाबला. धाकटीचा नवरा माझ्या मागून निघून गेला.

थोड्या वेळाने मी हात धुवायला गेले. साबणाशेजारी त्याने रॉकेलची बाटली आणि स्वच्छ फडकं ठेवलं होतं.