गुंजेचा आळ

माझी सून तेजल कुंपनावरच्या गुंजा येचताना दिसली, तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली. शिकली-सवरलेली बाई, पुन्याला लॅबमदी नोकरी, सुट्टीला आमच्या वडिवळ्याला येती, आन आल्या-आल्या चूल न्हाई, भांडं न्हाई, निस्ती कुंपनाकडं. हातात रबरी मोजे, तोंडाला मास्क. शेंगा डबीत टाकायच्या आन झाकन घट्ट लावायचं.

मी म्हनले, "सोनाराचं दुकान टाकतीस का गं? गुंजा कशाला?"

"कामाला लागतात, आई. तुम्ही हात लावू नका, विषारी असतात."

ऐका! गुंज इखारी असती हे मला सांगती. मावळात जल्मले मी. इखारी हाय म्हनूनच तर जिवाला घोर लागला, असलं घरात आनायचं कशाला? लेकाला इचारलं तर प्रितम म्हनला, "ती संशोधन करती." तळेगावच्या कंपनीत मशीन चालवतो तो. बायकू सांगती आन हा मान हालवतो.

मग एक दिस तिलाच समूर बसवली. म्हनले, नीट समजंल असं सांग. ती म्हनली, गुंजेतलं इख म्हंजी एक प्रोटीन हाय. ते पेशीत शिरलं की पेशी मरती. सुटं सोडलं तर दिसंल तिला मारंल. म्हनून त्याला आदी पत्ता चिकटवायचा. मग ते त्या पत्त्यावरच्याच पेशीत शिरतं, शेजारची जित्ती ऱ्हाती. पुढं-मागं कॅन्सरच्या गाठीवर त्याचा उपेग व्हईल म्हनं. तेजलचं काम मातर उंदराच्या मेंदूचं.

"मेंदूतल्या एकाच जातीच्या पेशी मारायच्या," ती म्हनली, "आणि मग उंदीर काय विसरतो ते बघायचं. म्हणजे त्या पेशींचं काम काय होतं ते कळतं."

"आगं बया! तितंबी जातच बघत्यात व्हय?"

लय हासली ती. "जात म्हणजे प्रकार हो, आई!" मीबी हासले. पन मनातलं काय गेलं न्हाई. उंदराला इसरायला लावनारी बाई माझ्या घरात भाकऱ्या खाती, हे काय साधं हाय का?

आन त्यातच अंबाजीची म्हस मेली.

अंबाजीचं घर आमच्या वरच्या अंगाला. धरनाच्या काठाला त्याची जमीन हाय, तितं तो पुन्या-मुंबईच्या पावन्यांसाठी तंबू ठोकतो. म्हस चारा खाईना, दावनीला कन्हत व्हती, सकाळी बघत्यात तर आडवी. दुपारी अंबाजी चार मान्सं घिऊन माझ्या दारात.

"सरूबाई, तुमच्या सुनंनं गुंजा गोळा केल्यात म्हनं."

बास. एवडंच बोलला. पन त्यात काय भरल्यालं व्हतं ते मला कळलं. कारन सांगते. आदीच्या काळी गावात ढोर मेलं की वढायला आमची मान्सं लागायची आन कातडं आमाला मिळायचं. म्हनून ढोर मेलं की आळबी आमच्यावर यायचा, कातड्यापायी गुंजेचं इख घातलं म्हनून. माझ्या आजेसासऱ्याला चावडीवर बांधून मारलं व्हतं. छप्पन सालानंतर आमी बौद्ध झालो आन ढोर वढायचं सोडलं ते सोडलंच. तेजलच्या लॅबमदी इखाला पत्ता चिकटवायला मशिनी लागत्यात. गावाच्या संशयाला आमचा पत्ता कवाच चिकटवल्याला हाय.

म्या कंबर कसली. "डाक्टर बोलवा आन म्हस फाडून बघा! तवर माझ्या दारात उबं ऱ्हाऊ नगा." अंबाजी गेला, पन त्याची मान्सं बांधावर बसून ऱ्हायली, आमच्या घराकडं बघत.

आत आले, दार लावलं. तेजल कोपऱ्यात उबी व्हती, समदं ऐकल्याली. आन माझ्या तोंडातनं निघालं, "खरं सांग पोरी. उंदरावर करतीस, तसं म्हशीवर काय करून बघितलंस का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रडली न्हाई, भांडली न्हाई. "नाही," म्हनली आन मागच्या अंगनात जाऊन बसली. तरीबी, लाज वाटती सांगाया, मी डबीचं झाकन तपासलं. घट्ट व्हतं.

सांजच्याला गुरांचा डाक्टर आला. दावनीपाशीच म्हस फाडली, सारं गाव गोळा. पोटातनं प्लास्टिकच्या पिशव्या निघाल्या, आन एक तार. तार पोटातनं पार काळजाला जाऊन टोचल्याली.

डाक्टरनं ती धुऊन वर धरली. "ही मटण भाजायच्या जाळीची तार दिसते. इथं जवळपास पार्टी करतं का कोणी?"

समदी अंबाजीकडं बघाय लागली. त्याच्याच तंबूतली तार! मी वाट बघत व्हते, आता म्हनंल, सरूबाई, चुकलं माझं. तो खाकरला. टोपी सारकी केली. आन म्हनला, "बरं, झालं ते झालं. पन आता ही वढून टाकायची कोनी?"

आन काय सांगू, समद्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. डाक्टरची सोडून समद्यांच्या.

"ज्याची म्हस त्यानं वढावी," मी म्हनले. "दोर नसंल तर सांग, मी देते."

अंबाजीनं जेसीबीवाल्याला फोन लावला.

घराकडं आले ती नाचतच. तेजलला म्हनले, "आगं, असं त्वांड बंद केलं एकेकाचं!" तार सांगितली, माना सांगितल्या, दोराचं सांगितलं. ती कपडे पिशवीत भरत व्हती. समदं ऐकून घेतलं आन म्हनली, "चांगलं केलंत, आई."

परत पिशवी भराय लागली. मग माझाच धीर सुटला. "तुला इचारलं ते मनात ठिवू नगं. भ्याले व्हते गं मी."

"कुणाला?" ती म्हनली. "गावाला, की मला?"

गावाला, असं म्हनायला त्वांड उगाडलं. पन ती डोळ्यात डोळे घालून बघत व्हती, आन मी खाली बसून तिच्या कपड्यांच्या घड्या घालाय लागले.