दरीवरचा दोर

मी एक जुना दोर आहे. मित्रांनो, तुमच्या आईबाबांनी लहानपणी जी साहसाची मालिका डोळे फाडून पाहिली, तिच्यात दर आठवड्याला नायक ज्याला लटकून दरी ओलांडायचा, तो मीच. दरी मात्र रंगवलेल्या कापडाची होती आणि लटकणाराही नायक नसायचा. नायकाला स्टुलावर चढलं तरी घेरी यायची! लटकायचे त्याचे एक बदली कलाकार, त्याच्यासारखेच कपडे घालून, कॅमेऱ्याकडे पाठ करून. त्यांची धाकटी बहीण तिथेच कपडेपट सांभाळायची.

माझी भरभराटीची वर्षं संपली. माझे आतले पीळ कुजू लागले आणि बाहेरून कुणाला पत्ता लागेना. शेवटी माझं वय झालं म्हणून नवा दोर आला. पण पडद्यावर तो जुनाच दिसायला हवा होता. सजावटवाल्याने मला नमुना म्हणून शेजारी ठेवलं, नव्याला चहाच्या पाण्यात भिजवलं, विटेने घासलं, त्याचे धागे उपसले. काम इतकं फक्कड जमलं की दोघांतला फरक त्यालाच कळेना.

"यातला नवा कुठला?" बदलींनी विचारलं.

"हा काय, डावीकडचा! रंग कसा अस्सल आलाय बघा."

डावीकडे मी होतो. मला वाचा असती, तर मी बोंब ठोकली असती.

मला उंच तुळईला बांधलं. खालची गादी कॅमेऱ्यात दिसत होती, म्हणून तीही सरकवली.

"दादा, एकदा ओढून तरी बघ," बहीण म्हणाली.

"चला, चला, सगळे खोळंबलेत!" दिग्दर्शक ओरडले.

"काही होत नाही गं," म्हणत बदलींनी उडी घेतली.

मधोमध येताच माझा एक पीळ तुटला. मग दुसरा. बदली किंचाळले. उरलेल्या पिळाला ते धरून होते आणि कॅमेरा चालूच होता. मी जिवाच्या आकांताने ताणलो, पण तोही पीळ तुटला.

ते पुन्हा कधी पायांवर उभे राहिले नाहीत. मी अडगळीत पडलो. मालिकेत मात्र तो प्रसंग तसाच दाखवला आणि जिवंत अभिनयाबद्दल सगळ्यांनी नायकाची पाठ थोपटली.

मित्रांनो, दोर नुसता बघू नका, हाताने ओढून पारखा. कुणाचा तरी जीव त्याच्यावर टांगलेला असतो. आणि तो भाग कधी लागलाच, तर नीट ऐका. किंकाळीनंतर आवाज क्षणभर बंद होतो. लोकांना ती मोठी कला वाटली. तिथे खरं तर बहिणीची "दादा!" अशी हाक होती. नायकाच्या गोष्टीत ती बसेना, म्हणून मालिकावाल्यांनी ती कापून टाकली.