मॅटवर टेकलेला हात

सखाराम मयेकरांनी तो व्हिडिओ सात वेळा पाहिला आणि आठव्यांदा म्हणाले, "आवाज तेवढा बंद करा." चित्र कसंबसं बघवत होतं, आवाज ऐकवत नव्हता. वाळलेल्या झावळीचा देठ मोडावा तसा तो आवाज होता, आणि झावळ्या मोडण्यात तर सखारामांचं अर्धं आयुष्य गेलेलं. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात त्यांनी तीस वर्षं माळीकाम केलं होतं.

खोलीत तिघंच होती. समोर लॅपटॉप, बाजूला गार झालेला चहा. मधल्या खुर्चीत शिस्तपालन समितीच्या अध्यक्षा नम्रता सुर्वे, पेशाने वकील, एके काळी राज्याच्या संघातून कबड्डी खेळलेल्या. त्यांच्या डावीकडे धाकू पाष्टे, जुने पंच. तिसरे सखाराम. ज्याच्यावर आरोप होता तो विठू शिवलकर सखारामांच्या हाताखाली वाढलेला, तेव्हा खरं तर त्यांनी समितीत बसायलाच नको होतं. पण जिल्ह्यात कबड्डीतला कोण कुणाचा नाही असं शोधायला गेलं तर समितीच बसायची नाही, असं म्हणून धाकूंनी तो विषय हसण्यावारी नेला होता.

घडलं ते असं. रविवारी रत्नागिरीच्या स्टेडियममध्ये लीगचा सामना. शेवटची दोन मिनिटं, एका गुणाचा फरक. बावीस वर्षांचा गौरव धनावडे चढाईला आला. पोरगं हरणासारखं, या मोसमात सगळ्यांत जास्त गुण त्याचेच. बोनसच्या रेषेवर पाय टाकून तो वळला आणि डाव्या कोपऱ्यातून विठूने त्याला धरला. तिघांचौघांचा ढीग झाला. ढीग सुटला तेव्हा गौरवचा उजवा पाय गुडघ्यापासून भलतीकडेच वळलेला होता. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं आणि टाच पुढे आली होती. चढाईचा दम अजून त्याच्या तोंडात होता. "कबड्डी"तलं शेवटचं अक्षर किंकाळीत गेलं. पहिल्या रांगेतल्या एका बाईंना तिथेच भोवळ आली. मॅटवरचं रक्त पुसून वीस मिनिटांत सामना पुन्हा सुरू झाला, कारण टीव्हीची वेळ ठरलेली असते. आणि मोबाइलवाल्यांनी तो गुडघा दोन दिवसांत चार लाख लोकांना दाखवला, वर रडक्या चेहऱ्यांची चित्रं चिकटवून. माणसाला लाज उरली नाही ती नाहीच.

प्रश्न एकच होता. विठूने कैची मारली की तो घसरला?

कैची म्हणजे बाजूने अंग झोकून समोरच्याच्या पायांत आपले दोन्ही पाय घालायचे, एक पुढून, एक मागून, आणि पिळायचं. कबड्डीत तिला बंदी आहे आणि शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. विठूने लिहून दिलं होतं, मॅटवर घाम सांडला होता, मी घसरलो, पडता पडता पाय अडकले. पंच पलीकडच्या बाजूला होते. कॅमेऱ्याच्या मध्ये दुसरे दोन खेळाडू आलेले. घसरला असेल तर ताकीद आणि दोन सामने बाहेर. मुद्दाम मारली असेल तर दोन वर्षं बंदी, आणि सत्ताविशीतल्या कोपऱ्याच्या खेळाडूला दोन वर्षं म्हणजे खेळ संपलाच.

"यात काहीच दिसत नाही," धाकू म्हणाले. "पोरगा घसरलाय. संशयाचा फायदा द्या आणि मोकळे व्हा."

सखारामांना दिसत होतं. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, कॅमेऱ्याआड आलेल्या त्या दोन खेळाडूंच्या पायांमधून, क्षणभर विठूचा डावा हात दिसायचा. पंजा मॅटवर सपाट टेकलेला, बोटं मागच्या बाजूला. आणि तो टेकल्यानंतर अंग पडत होतं. घसरणारा माणूस आधी पडतो, मग हात टेकतो. हा हात कैचीचा भार घ्यायला आधीच जाऊन बसला होता.

"बोटं मागं ठेव रे, नायतर मनगट जाईल तुजा." हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं.

सोळा वर्षं झाली असतील. संध्याकाळी केंद्राची सुट्टी झाली की सखाराम भाट्याच्या वाळूत वाडीतल्या पोरांना खेळवायचे. ओहोटीची ओली वाळू, खारा वारा, आणि चड्डीला गाठ मारलेली दहा-बारा पोरं. विठू तेव्हा अकराचा. बाप जहाजावर, वर्षातून दोन महिने घरी. त्यामुळे पोराचं रात्रीचं जेवणही बहुतेक सखारामांकडेच व्हायचं, त्यांच्या बायकोच्या, हौसाच्या हातचं. त्या वर्षी तालुक्याच्या सामन्यात समोरच्या संघाने पंचांची पाठ बघून त्यांच्या एका पोराला कैची मारली. पोरगं वाचलं, पण सखारामांचं डोकं फिरलं. नियम पुस्तकात असतो, मैदानावर माणसं असतात, असा विचार करून त्यांनी पोरांना कैचीतून सुटायचं कसं ते शिकवायचं ठरवलं. आता सुटायला शिकायचं तर कुणीतरी मारायलाही हवीच. मग अर्धी पोरं मारायची, अर्धी सुटायची, दुसऱ्या दिवशी उलट. सगळ्यांत झकास कैची विठूची. पहिल्यांदा ती बरोबर बसली तेव्हा सखाराम मोठ्याने "शाब्बास!" म्हणाले होते. ते "शाब्बास" आता त्यांना काट्यासारखं सलत होतं.

वाळूत कुणाला काही झालं नाही. वाळूत पाय सरकतो. पोरं कानात वाळू घेऊन हसत उठायची. पुढे मॅट आली, रबरी तळाचे बूट आले, लीग आली. वाळूतला धडा मात्र कुणी पोरांच्या अंगातून काढून घेतला नाही. मॅटला बूट चिकटतो आणि जो पाय वाळूत सरकला असता तो मॅटवर मोडतो, हे सखारामांना कळायला गौरवचा गुडघा लागला.

आदल्या दिवशी विठू त्यांच्या घरी येऊन गेला होता. नेहमीसारखा पाया पडला, नेहमीसारखा ओटीवर भिंतीला टेकून बसला. हौसाने चहा दिला.

"काका, तुम्ही हाव समितीत, म्हनून मला धीर हाय."

"घसरलास तू?"

"घसरलो." त्याने कपाकडे बघत सांगितलं.

"आनि डावा हात कुटं होता तुजा?"

विठूने कप खाली ठेवला. मग त्याचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला. "एक गुन हवा होता, काका. पाय मोडंल असा नव्हता वाटला मला. आयशप्पत. भाट्याला कंदी कुनाचा मोडला?"

विठू गेल्यावर हौसा दाराशी उभी राहिली. "अवो, पोर आपल्या ताटात जेवलाय," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली. रात्रभर तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. तीही झोपली नव्हती.

"सखारामभाऊ," नम्रता सुर्वे म्हणाल्या, तेव्हा ते दचकले. "मला यातून ठरवता येत नाही. विठूचा खेळ तुम्हाला जेवढा माहीत आहे तेवढा इथे कुणाला नाही. तुम्ही सांगाल ते मी धरते. तो घसरला का?"

धाकूंनी त्यांच्याकडे बघून हलकेच मान डोलावली. म्हणजे, म्हणा हो आणि मोकळे व्हा. एका शब्दाचं काम होतं. कुणी विचारणार नव्हतं, कुणाला कळणार नव्हतं. विठूचं लग्न ठरत होतं. गौरवचा पाय काही केल्या परत येणार नव्हता. हे सगळं सखारामांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

"चित्र परत लावा," ते म्हणाले. "थांबवा. हितं. हा हात बगा."

त्यांनी सगळं सांगितलं. हात आधी टेकतो ते, बोटं मागे असतात ते. मग थोडं थांबून म्हणाले, "हा हात असा टेकायला मी शिकवलाय. भाट्याच्या वाळूत. बंदी हाय ते माहीत असून शिकवलाय. तेव्हा विठूला काय शिक्षा द्याल ती द्या, पन त्याच्या खाली माजंही नाव लिवा."

धाकू खाली बघत राहिले. नम्रताताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी नियमांचं पुस्तक उघडून शांतपणे पानं चाळली, खरोखर शोधलं, आणि मिटलं.

"विठू शिवलकर, दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी यात काही नाही, भाऊ. सोळा वर्षांपूर्वी वाळूत शिकवलं, याला कलमच नाही. समितीतून तुम्ही उठावं एवढं मी म्हणू शकते."

"उठलोच," सखाराम म्हणाले.

शिक्षा नाही मिळाली की माणसाला हायसं वाटतं म्हणतात. सखाराम मात्र जिना उतरताना ते नसलेलं कलमच मनात शोधत होते.

खाली विठू मोटारसायकलला टेकून उभा होता. त्यांचा चेहरा बघूनच तो समजला.

"किती?"

"दोन वर्सं."

"तुम्ही सांगितलात?"

"मी सांगितला. माजाही सांगितला."

विठू शिव्या देईल, अंगावर येईल, असं सखारामांना वाटलं, आणि आला असता तर बरं झालं असतं. पण त्याने तोंड फिरवलं आणि बाहीने डोळे पुसले. "माज्यानं गौरवच्या घरी जायाला होत नाय, काका," तो म्हणाला. "तीन दिवस स्टँडपर्यंत जातंय आनि मागं येतंय."

"आज मी जातंय," सखाराम म्हणाले. "तू उद्या ये. पन ये."

गौरवचं घर गणपतीपुळ्याच्या अलीकडे, रस्त्यालाच. पुढे त्याच्या आईचं, गंगुबाईंचं, कोकम सरबताचं दुकान, मागे दोन खोल्या. दुकान बंद होतं, फळी उतरवलेली. गौरवची बहीण सानिका पुढच्या दारात बसून तांदूळ निवडत होती. सखारामांनी नाव सांगितलं तशी ती उठली आणि त्यांना आत घेऊन गेली.

गौरव खाटेवर होता. पायातून लोखंडाच्या सळ्या आरपार गेलेल्या, बाहेरून कड्या लावून जोडलेल्या. ज्या पायाने पोरगं सात माणसांना झुलवायचं तो पाय आता विहिरीवरच्या मोडक्या रहाटासारखा दिसत होता. डॉक्टर म्हणाले होते, चालेल. खेळण्याचं कुणी काढलं नव्हतं आणि घरात कुणी विचारलंही नव्हतं.

सखाराम उभ्याउभ्याच बोलले. समितीत जे सांगितलं ते सगळं, तसंच्या तसं. कैची कुणी मारली, कुणी शिकवली, का शिकवली. गंगुबाई पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. सखारामांचं बोलून झालं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तुमची पोरं वाचावी म्हनून माज्या पोराचा पाय घेतलात." त्यात ओरडणं नव्हतं. सखारामांनी मान खाली घातली. ते खरंच होतं.

मग गौरव म्हणाला, "सर, सुटका होती काय?"

सखारामांना वाटलं, या प्रश्नासाठीच आपण आलो आणि हाच प्रश्न येऊ नये म्हणून वाटभर देवाला विनवत होतो.

"होती," ते म्हणाले.

"कशी?"

"त्याचा हात मॅटकडं जाताना दिसला की पाय रोवायचा नाय. झटायचा नाय. गुडगे मोडायचे आनि बूड टेकायचा, तो पाडतो तिकडंच. एवढाच."

"एवढाच?" गौरवचे डोळे भरून आले. "मी जोर लावला, सर. मध्यरेषा दिसत होती. मला वाटला, निसटंन."

"सगळ्यांनाच वाटता ता. आमच्या वाडीतल्या बारा पोरांना माहीत हाय कसा सुटायचा. दुसऱ्या कुनाला मी कंदी सांगितला नाय. आपला डाव आपल्यापाशी ठेवायचा, अशीच सवय आमची."

सानिका दारात उभी होती. तिच्यामागे, परसातल्या सारवलेल्या जागेत, गौरवच्या मंडळाची चार-पाच पोरं त्याला बघायला म्हणून आलेली, आत यायला बिचकत होती.

गौरवने मनगटाने डोळे पुसले. "त्यांना दाखवा," तो म्हणाला.

"आता?"

"आताच. मला हितून दिसंल असा."

सखाराम मयेकर, वय वर्षं एकसष्ट, परसात गेले. चपला काढल्या, धोतराचा सोगा खोचला. एका पोराला समोर उभं केलं. शिकवणाऱ्याची शिक्षा कुठल्या पुस्तकात नसली तरी ती होती, आणि ती तिथे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सुरू झाली. खिडकीतून गौरव मान उंच करून बघत होता. सखारामांनी डावा पंजा जमिनीवर टेकला, बोटं मागे.

"हा हात बगा," ते म्हणाले. "हा दिसला की खाली बसायचा. गुन जाईल. जाऊ दे. पाय राहील."

मग ते तसेच, हात टेकून, समोरचं पोरगं खाली बसेपर्यंत थांबले.