निळ्या पुस्तकाचं पाचवं प्रकरण

स्पृहाला क्वांटम मेकॅनिक्स अगदी मुळापासून शिकायचं होतं, पण आधी कुठलं पुस्तक घ्यावं हेच तिला कळेना. म्हणून माधव लेकीला सदाशिव पेठेत शिंगोटे सरांकडे घेऊन गेला. कॉलेजात त्याला हा विषय सरांनीच शिकवला होता. पुढे माधव बँकेत चिकटला, ती गोष्ट वेगळी.

सरांनी कपाटातून तीन पुस्तकं काढून टेबलावर ठेवली. "आधी मॅट्रिक्सचं गणित पक्कं कर. मग हे पातळ पुस्तक. गणितं स्वतः सोडवायची, मागची उत्तरं बघून नाही. ते पचलं की हे मधलं, यात हायड्रोजनचा अणू, स्पिन, सगळं येतं."

"आणि ते निळं?" माधवने विचारलं. ते जाडजूड पुस्तक त्याने अंधारातही ओळखलं असतं. 'ज्याला हे पेलत नाही, त्याने फिजिक्सच्या वाटेला जाऊ नये,' असं सर भर वर्गात म्हणायचे.

"ते? चार प्रकरणं वाच आणि ठेवून दे," सर स्पृहाला म्हणाले. "पुढचं मलाही कधी धड कळलं नाही. आता त्याहून चांगली पुस्तकं आली आहेत."

माधवला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"सर, तुम्हाला कळलं नाही?"

"नाही रे. पाचव्या प्रकरणात अडकलो तो अडकलोच."

माधवही तिथेच अडकला होता. वर्षभर डोकं आपटून, आपण ढ आहोत असं ठरवून त्याने एमएस्सी सोडली होती. घरी सांगितलं, बँकेत नोकरी लागतेय म्हणून.

"मी त्यामुळेच सोडलं, सर." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

सर त्याच्याकडे वळले. "मग मला विचारायचं नाही का?"

"तुम्हाला? कोणाची छाती होती?"

सर हळूच खुर्चीत बसले. "वर्गातलं बोलणं कुणी इतकं मनावर घेईल असं वाटलं नव्हतं," एवढंच पुटपुटले. बँकेत नोकरी लागली म्हणून बाबांनी शिक्षण सोडलं, असंच स्पृहा आजवर ऐकत आली होती. निघताना सरांनी पातळ पुस्तक तिच्या हातात दिलं.

खाली आल्यावर माधव स्कूटरला घराचीच किल्ली लावू लागला. स्पृहाने त्याच्याकडून स्कूटरची किल्ली घेतली आणि पुढे बसली. टिळक रस्त्याच्या सिग्नलला तिने वळून विचारलं, "बाबा, सरांचा राग आलाय?"

"आलाय," तो म्हणाला. सिग्नल सुटल्यावर तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "ते पातळ पुस्तक आज मी वाचतो. तू उद्या घे."