निळ्या कागदातले डबे

खोकेबाई हे नाव त्यांना मुलांनी नव्हे, नवऱ्यानेच ठेवलेलं. चपलांच्या दुकानाबाहेर रिकामं खोकं दिसलं की बाईंचा पाय अडलाच म्हणून समजा. दूध पावडरीचे डबे, तेलाचे पत्र्याचे डबे, जुन्या पॅंटचे खिसे, सगळं वर्गात जायचं.

"एक दिवस मलाही नेशील," नवरा म्हणायचा.

"तुमचा काय उपयोग? तुमच्यात काही ठेवता येत नाही."

पण चाळीस मुलं आणि एक मोडकं कपाट एवढ्यावर संसार करायचा म्हणजे दुसरं काय करणार? खिडकीखालच्या फळीवर डबे मांडलेले असत. पोचे आलेल्या डब्यात रंगीत खडू, वळ्या असलेल्यात कात्र्या, चौकोनीत डिंकाच्या बाटल्या. ज्याला जे हवं ते त्याने उठून घ्यायचं आणि जागेवर ठेवायचं. पहिलीपासून ही मुलं बाईंकडेच होती, खोलीही तीच.

त्यातली मुंगी सगळ्यात चटपटीत. बाईंनी शब्द काढायचा अवकाश, ही डबा घेऊन हजर. पहिल्या बाकावर पुस्तकात नाक खुपसून बसायची, म्हणून बाई तिला अभ्यासू समजत. समजुतीला काय, तिला कुठे परीक्षा द्यावी लागते?

मुलं तिसरीत गेली त्या वर्षी मोठ्या बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात तपासणीला साहेब येताहेत. आणि हा वर्ग आहे की भंगाराचं दुकान?"

बाईंना ते फार लागलं. छापखान्यातून उरलेला निळा कागद मागून आणला, सुट्टीच्या दिवशी नवऱ्याला कामाला जुंपलं आणि एकूण एक डब्याला निळा कागद चढवला. वर सुबक, बारीक अक्षरात चिठ्ठ्या. बाक हलवून सहा-सहा मुलांचे गट केले. साहेब खूश झाले, दुसऱ्या शाळेतल्या बाई बघायला आल्या. खोकेबाईंना आभाळ ठेंगणं झालं.

आणि मुंगीचं बिनसलं. रंग मागितले तर मणी आणायची. कात्र्या पेन्सिलींच्या डब्यात टाकायची. मुलं हसायची. बाई आधी हसल्या, मग चिडल्या.

"डोळे फुटलेत का तुझे? एवढं स्वच्छ लिहिलंय ना वर!"

एकदा तिने डिंकाची बाटली आडवी केली आणि अख्ख्या गटाची चित्रं चिकटून बसली. तेव्हा बाईंनी सगळ्यांसमोर फर्मान काढलं, "आजपासून मुंगीने फळीला हात लावायचा नाही. तिला काय हवं ते दुसऱ्यांनी द्या."

हे चार महिने चाललं. चार महिने!

मग एका मधल्या सुट्टीत झाडूवाल्या मावशी कुजबुजल्या, "बाई, ती पोर डबे हुंगत होती हो. एकेक उचलून, कानाशी हलवून बघत होती."

बाई वर्गात गेल्या. एक डबा हातभर लांब धरून म्हणाल्या, "काय लिहिलंय, वाच."

मुंगी बराच वेळ बघत राहिली. "निळं आहे, बाई," ती म्हणाली.

बाईंनी डब्यावरून बोटं फिरवली, नुसता गुळगुळीत कागद. पोचे, वळ्या, कोपरे. पोर हातांनी शिकत होती, आणि ते हातच त्यांनी निळ्या कागदाखाली आंधळे करून टाकले होते. पुस्तक नाकाशी धरलं की तिला अक्षर लागायचं, पण सगळे हसत असताना डबा नाकाशी धरणार कोण? मुंगीने तरी काय सांगायचं? सगळ्यांना असंच दिसतं, अशीच तिची समजूत.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "नंबर जन्मापासूनचा असणार. तिसरं वर्ष ना शाळेतलं? कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

मुंगीची आई कपडे शिवायची, दिवसभर मशीनवर. ती भांडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "बाई, तुमच्याकडे आहे म्हणून मी निर्धास्त होते."

चष्मा आला. बाईंनी वर्गासमोर कान पकडले. "चूक मुंगीची नव्हती. माझी होती. मी तिला उगाच बोलले." मग मुंगीने दारातूनच फळीवरची एकेक चिठ्ठी खणखणीत वाचून दाखवली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी डोळ्यांना पदर लावला. झालं गेलं गंगेला मिळालं, असं त्यांना क्षणभर वाटलंही.

"जा, आता आपल्या सगळ्यांसाठी रंग घेऊन ये," त्या म्हणाल्या.

मुंगी फळीपर्यंत गेली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

"दिसतंय ना, बाळा?"

"दिसतंय."

"मग घे की."

"तुम्हीच द्या ना, बाई," मुंगी म्हणाली. "मी घेतलं की चुकतं."