बिनमिठाची पेज

खारवाडीच्या गावदेवीच्या जत्रेत कबड्डीचा एकच सामना होतो. एका बाजूला गावात नांदायला आलेल्या सुना, दुसऱ्या बाजूला जत्रेसाठी माहेरी आलेल्या लेकी. सुनांचा डावा कोपरा नऊ वर्षं अमिषाकडे होता. लग्नाआधी ती तालुक्याच्या संघातून खेळली होती. चढाई करणारीचा घोटा एकदा तिच्या हातात आला की सुटायचा नाही. गावात तिला तिच्या स्वतःच्या नावानं ओळखत ते या कोपऱ्यामुळे. एरवी ती जीवनची बायको, नाहीतर सगुणाबाईंची थोरली सून.

गेल्या वर्षी मात्र अर्ध्या सामन्यात ती मैदानाबाहेर आली ती परत गेलीच नाही. दोन बाळंतपणांनंतर वजन एक्क्याण्णव किलोवर गेलं होतं, चैत्राचं ऊन होतं, आणि घामाच्या धारा डोळ्यांत उतरून समोरची माणसं दिसेनाशी झाली होती. कडेला बसलेल्या बायकांतून भागुबाई ओरडली, "अगो, पंप लावा कुनीतरी! अमिषाखाली तलाव झालाय!" सगळं मैदान हसलं. अमिषाच्या जागी तिची धाकटी जाऊ उतरली. प्राप्ती. पनवेलची, लग्नाला दोन महिने झालेली, पंचावन्न किलोची. तिनं दोन पकडी केल्या आणि सुना जिंकल्या.

त्या दोन पकडी अमिषाला वर्षभर पुरल्या. भाकरी थापताना आठवायच्या, धुणं पिळताना आठवायच्या.

यंदा कप्तान नूतननं सहा नावं आधीच पक्की केली. सातव्या जागेसाठी दोघी जावा. "बुधवारी आपसांत खेळू," नूतन म्हणाली. "जी शेवटपर्यंत उभी राहील तिचा कोपरा. मंग मला कुनी बोल लावायचा नाय."

सराव रोज सकाळी सहाला, बंद पडलेल्या मिठागराच्या सपाट जमिनीवर. आधी बांधावरून तीन फेऱ्या धावायच्या, मग उठाबशा, मग खेळ. पहिल्या फेरीला अमिषाचं कपाळ भिजायचं, दुसरीला मान, आणि तिसरी संपेपर्यंत पाठीवरून ओघळ निघून कमरेच्या नाडीत मुरायचे. अंगाला चोपडलेल्या पावडरचा चिखल व्हायचा. मांड्या एकमेकींवर घासून सोलवटायच्या, घरी येताना ती पाय फाकवून चालायची आणि मागून कोणी येत असलं तर चप्पल नीट करायचं निमित्त करून थांबायची. ओल दिसू नये म्हणून तिनं काळा, जाड नायलॉनचा टी-शर्ट घेतला होता. त्यात हवा शिरत नसे, पण डाग दिसत नसत. घाम पाण्याचा होतो, तेव्हा पाणीच प्यायचं नाही, असाही तिनं हिशेब काढला होता. उठल्यापासून सराव संपेपर्यंत घोट नाही. डोकं ठणकायचं, घाम मात्र तेवढाच यायचा.

प्राप्तीला घाम येत नसे. येत असेल तर वरच्या ओठावर दोन थेंब, तेही शोभेला ठेवल्यासारखे. फिका गुलाबी कुर्ता घालून ती धावायची आणि परत यायची तेव्हा कुर्त्यावरची इस्त्री तशीच असायची. अमिषा रोज तिची पाठ तपासायची. रुपयाएवढा डाग तरी दिसावा. दहा दिवसांत एकदाही दिसला नाही.

"ताई, थोडं पाणी प्या ना," प्राप्ती म्हणायची. "चेहरा एकदम लाल झालाय तुमचा."

"मला सवय हाय."

"सवय कसली? चक्कर येईल ना!"

"तुजी पाठ कोरडी हाय ना? मंग ती सांभाळ."

प्राप्ती हसून पुढे धावायची. तिला टोमणा लागत नसे, हेही अमिषाला लागायचं.

पण खरं दुखणं घरात होतं. सासू सगुणाबाई अडुसष्ट वर्षांच्या. तीस वर्षं त्यांनी याच मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या. उन्हात राबणाऱ्या माणसानं सकाळी काय प्यावं हे त्यांना कोणी शिकवावं लागत नव्हतं. सराव सुरू झाला त्या दिवशी पहाटेच उठून त्यांनी तांदळाची पातळ पेज केली, दोन तांब्ये भरले, प्रत्येकात बोटांच्या मापानं मीठ टाकलं आणि दोघींपुढे ठेवले.

"मी भात सोडलाय, आई," अमिषा म्हणाली. "वजन वाढतं."

दुसऱ्या दिवशी सगुणाबाईंनी तांब्या एकच भरला, प्राप्तीचा. अमिषापुढे त्यांनी आपल्या जुन्या सुती लुगड्याचे फाडलेले तीन तुकडे ठेवले आणि वाटीत खोबरेल. "एक भिजवून मानेवर घे. एक आंगाला लागून गुंडाळ, वरती तुजं काय ते घाल. तिसरा तोंड पुसायला. आनि मांड्यांना तेल लावून जात जा, सोलायच्या नाय."

यातलं अमिषाच्या कानात एवढंच शिरलं की धाकटीला पेज आणि मला चिंध्या. तिनं ते तुकडे कपाटावर फेकले.

सगुणाबाई रोज बांधावर येऊन बसायच्या. पहिल्या विश्रांतीला प्राप्ती त्यांच्याकडे धावत जायची, तांब्या तोंडाला लावायची, आणि म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवायची. कोरड्या पाठीवरून. अमिषाच्या पाठीवर असा हात ठेवला असता तर तो निथळत वर आला असता. तिला तो हात हवा होता आणि तो आपल्या पाठीला लागू नये असंही वाटत होतं. अशा माणसाला कोण काय देणार?

बुधवारी अमिषा लवकर उठली. ओट्यावर प्राप्तीचा तांब्या मीठ घालून तयार होता, शेजारी पातेल्यात बिनमिठाची पेज उरली होती. सगुणाबाई विहिरीवर होत्या. अमिषानं तांब्या उचलला, मागच्या दारच्या केळीच्या बुंध्याशी रिकामा केला आणि पातेल्यातल्या पेजेनं परत भरला. यातून काही घडावं असं तिच्या मनात नव्हतं. धाकटीला रोज जे मिळतं ते एक दिवस मिळू नये, एवढंच. हात धुताना मात्र तिला दोनदा धुवावेसे वाटले.

सामना रंगला. पहिल्या विश्रांतीला प्राप्तीनं तांब्या तोंडाला लावला, क्षणभर थांबली, सगुणाबाईंकडे पाहिलं आणि मुकाट्यानं सगळी पेज प्यायली. खेळ संपायला चार-पाच मिनिटं असताना चढाईला आलेल्या नलूला पकडायला तिनं झेप घेतली आणि तशीच खाली बसली. डाव्या पोटरीत गोळा आला होता. पोटरी दगडासारखी झाली होती. अमिषाचे श्वास शिट्टीसारखे वाजत होते, टी-शर्ट पोटाला चिकटला होता, पण ती उभी होती.

"अमिषाचा कोपरा," नूतन म्हणाली.

बायका प्राप्तीभोवती जमल्या. कोणी पाय ओढला, कोणी चोळला. सगुणाबाई बांधावरून उतरून आल्या. प्राप्ती कण्हत, पण हसूनच म्हणाली, "आई, आज मीठ विसरलात वाटतं पेजेत. अळणी लागली."

गलका थांबला. तीस वर्षं मीठ वाहिलेल्या बाईला ही गोष्ट सगळ्यांदेखत ऐकवली गेली होती. सगुणाबाईंनी तांब्या उचलला, तळाशी उरलेला थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. मग मान वर करून त्यांनी अमिषाकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"विसरले आसेन," त्या म्हणाल्या. "वय झालं."

एक दिवस मीठ चुकल्यानं पायात गोळा येतो की नाही, हे डॉक्टर सांगतील. कदाचित तो तसाही आला असता. अमिषानं स्वतःला हे पुष्कळदा सांगून पाहिलं. पण चिमूटभर मिठाच्या नावानं सासूनं तिचं पाप स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, त्याला कोणताही डॉक्टर उपयोगाचा नव्हता.

भागुबाईला तर खाऊच मिळाला. "काय गो सगुणे, मिठागरात राहून मीठ संपलं काय तुजं?" गुरुवारी दुकानात म्हणाली. शुक्रवारी देवळाच्या पायरीवर म्हणाली, "हिच्या घरी जेवायला जायचं तर मीठ पदरात बांधून न्या." सगुणाबाई दोन्ही वेळा हसल्या. शनिवारी पहाटे त्या उठल्याच नाहीत. अंथरुणातून म्हणाल्या, "पेज तूच कर आजपासून, अमिषा. माज्या हाताचा भरवसा नाय ऱ्हायला."

अमिषानं पेज केली. कपाटावरचे तुकडे काढले. एक भिजवून मानेवर घेतला, एक अंगाला गुंडाळला, मांड्यांना खोबरेल लावलं. त्या दिवशीही घाम आला, अगदी तेवढाच, पण तो कपड्यात मुरत गेला आणि खाडीवरच्या वाऱ्याचा गारवा पहिल्यांदा अंगापर्यंत पोचला. मांड्या जळजळल्या नाहीत. पेज प्यायल्यावर डोकं ठणकलं नाही. इतके दिवस हे सगळं तिच्यापुढे ठेवलेलं होतं. तिला रडावंसं वाटलं आणि तिनं पुढची फेरी धावायला घेतली.

रविवारी मैदानाभोवती दोरी लागली. सात जर्सी आल्या होत्या, चकचकीत हिरव्या. अमिषानं आपली सर्वात मोठ्या मापाची जर्सी सुती तुकड्यावरून घातली. अंग गरम करायला दोन फेऱ्या मारल्या तोवर ती बगलेपासून कमरेपर्यंत भिजली. यंदा त्याचं तिला काही वाटलं नाही. कोपरा तिचा होता. प्राप्ती दोरीपलीकडे सगुणाबाईंशेजारी बसली होती. पाय आता बरा होता. बसल्या बसल्या ती उगाचच पोटरी ताणून पाहत होती.

तेवढ्यात भागुबाई दोरीजवळ आली. "अगो सगुणे, आज तरी मीठ घातलंस ना? नायतर अजून एक सून आडवी करशील!"

बायका खिदळल्या. सगुणाबाईंनी पदर सारखा केला आणि खाली पाहिलं. यावेळी त्या हसल्या नाहीत.

"आई विसरल्या नव्हत्या," अमिषा म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "त्यांनी मीठ घातलं होतं. मीच ती पेज ओतून दिली नि बिनमिठाची भरली. मी."

नूतन मैदानाच्या आखलेल्या पट्टीवरून चालत आली. "कशाला केलंस असं?"

अमिषाला बरीच उत्तरं देता आली असती. पंपाचं, दोन पकडींचं, फिक्या गुलाबी कुर्त्याचं. ती म्हणाली, "तिला घाम येत नाय म्हनून."

कोणी हसलं नाही. नूतननं एकदा अमिषाकडे पाहिलं, एकदा दोरीपलीकडे. "प्राप्ती, पाय कसा हाय?"

"ठीक आहे."

"ऊठ मंग. अमिषा, जर्सी काढ."

अमिषानं जर्सी डोक्यावरून ओढून काढली. खाली लुगड्याचा तुकडा छातीपासून कमरेपर्यंत गच्च गुंडाळलेला होता, तोही ओलाच होता. सगुणाबाईंनी पुढे होऊन तिच्या खांद्यावर ओढणी टाकली. प्राप्तीनं जर्सी दोन बोटांत धरली. "ताई, ही पिळावी लागेल."

"पीळ मंग."

तिनं खरोखरच पिळली. मातीवर धार पडली. मग ती ओली, तंबूएवढी जर्सी तिनं अंगात घातली, कमरेशी गाठ मारली आणि अमिषाकडे न बघता कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. गाठ सुटत होती, बाह्या कोपराखाली लोंबत होत्या, तरी तिनं पहिल्या पाच मिनिटांत एक घोटा पकडला. लोक ओरडले. अमिषाची तीच जुनी असूया जागी झाली. कबूल केल्यानं ती गेली नव्हती. त्या घोट्याला आपण अजून खालून पकडलं असतं, हे तिला तिथूनही दिसत होतं.

अर्धा सामना संपला तेव्हा सुना तीन गुणांनी मागे होत्या. प्राप्ती दोरीशी आली. केस कपाळाला चिकटले होते, हनुवटीवरून थेंब गळत होते. तो घाम कोणाचा किती हे सांगणं अवघड होतं. अमिषानं पेजेचा तांब्या पुढे केला.

प्राप्तीनं तो घेतला, आत पाहिलं आणि परत अमिषापुढे धरला.

"आधी तुम्ही प्या."

अमिषा प्यायली. मीठ होतं, जरा जास्तच पडलं होतं. तिनं तोंड पुसून तांब्या परत दिला.

प्राप्तीनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "खारट आहे."

"असू दे," सगुणाबाई म्हणाल्या. "पी."

तांब्या रिकामा करून प्राप्ती दोरीखालून आत शिरायला वाकली. अमिषानं तिच्या कमरेची सुटलेली गाठ धरली, कचकन आवळली आणि म्हणाली, "झेप लवकर घेतेस. ती पाय टाकीपर्यंत थांब."